पालथा वाडगा

फेकरीला आमच्या माडीवर ल्याव राहायचा,
दीपनगरच्या नव्या युनिटचा फिटर, मेईचौकडला.
मी धाब्यावर बिबडे घालत होते
आणि तो जिन्यात उभा, काखेत मोहरीचा पाला.
कोबीभोवती कीड भुलवायला पेरतो ती मोहरी,
मग उपटून बांधावर फेकतो.
त्यानं वेचून आणली होती.

खुणेनं विचारलं, जागा?
मी दोन बिबडे सरकवले.

दिवसभर पाला सुकवला, मीठ चोळलं हिरवं पाणी सुटेस्तोवर,
बरणीत दाबला, वर माझा वरवंटा.
पंधरवड्यानं काढून वाफवला, वाळवला,
पुन्हा वाफवला, पुन्हा वाळवला.
त्याच्या गावी म्हणे धुकं, ऊन उसनं आणावं लागतं.
इथं चैत्र, बेचाळीस डिग्री.
मी म्हटलं, बापा, दुपारी उचल, नाहीतर राख वेचशील.
त्याला कळलं. वाळवण बोटांनी चुरूनच
समजायचं असतं, दोन्हीकडे.
पाला काळा पडला, जुन्या चिंचेसारखा,
आणि गोडसर वासाला लागला.

रविवारी तो भुसावळहून पिशवी घेऊन आला.
डुकराचं, पोटाकडचं. चरबी, मांस, चरबी, मांस,
मला कागदावर रेघा मारून दाखवलं.
आमच्यात अंडंही चालत नाही.
मामंजी ओट्यावर, नाकाला पंचा.
ल्यावनं गोधडीचं दाभण मागितलं. दिलं.
म्हटलं, परत नको.

अख्खा तुकडा उकडला, कातडी दाभणानं टोचून टोचून
सोयाचं काळं पाणी चोपडलं,
तेलात कातडी खाली सोडली नि झाकणाची ढाल करून मागं पळाला.
असा तडतडाट, की बऱ्हाट्यांची निंबाई
गल्लीत येऊन म्हणाली, काय फुटून राह्यलं वं?
मग गार पाण्यात. कातडी सुरकुतली,
हौदात फार वेळ खेळलेल्या पोराच्या बोटांसारखी.
करंगळीएवढे जाड काप, वाडग्यात कातडी तळाला,
वर गूळ-लसणात परतलेला पाला, गच्च.
जर्मनच्या डब्यात दोन तास वाफ.
दोन तास तो स्टोव्हपाशी उकिडवा
आणि मी जिन्याच्या पाचव्या पायरीवर.
वर नाही, खाली नाही.

त्यानं रस निथळला, वाडग्यावर ताट ठेवलं,
श्वास धरला. उलटं.
पदार्थाच्या लांबलचक नावातलं मला एवढंच कळलं,
‘खौ’ म्हणजे पालथं घालणं.
पण वाडगा काही तो उचलेना.
वरून थोपटत राहिला, मी भाताची मूद थोपटते तसा.
मग मोजून चार शब्द आणले मराठीचे:
लगीन. पाहुणे. आई उचलते.
आणि माझ्याकडे बघून पाचवा: तू.

मी पायऱ्या चढले.
पदराच्या टोकानं वाडगा धरला.
खाली डोंगर, तांबूस, थरथरता, तेलाचं ऊन पडलेलं.
पाला कुठंच दिसेना.
सगळ्याचा भार घेऊन तो तळाशी गेला होता.

खाली येऊन डोक्यावरून पाणी घेतलं,
मामंजींना आवाज जाईल एवढे तांबे.

युनिट सुरू झालं, ल्याव गेला.
बरणीत मूठभर पाला राहिला होता,
तो एकदा वरणात टाकला, बट्टीच्या दिवशी.
हे दोनदा वाढून घेत म्हणाले, भाजी कोणती गं ही?
म्हटलं, बांधावरची.

यंदा मोहरीच्या दोन ओळी जास्त पेरल्यात.
कोबी तेवढी कमी.