हातचा

श्ट्राल्सुंडच्या गोदीत, साखळ्या ताणून बघायच्या शेडमध्ये
मी कामाला लागले तेव्हा
यंत्राची तबकडी किलोपाँडमध्ये होती
आणि वरून आलेला हुकूम न्यूटनमध्ये.
मधे टीडेमान,
कानावर आखूड पेन्सिल.

किलोपाँड म्हणजे, ते सांगायचे,
पिशवीत किलोभर बटाटे घे,
पिशवी हात खाली ओढते, तेवढं.
कुणालाही कळतं. बटाट्यालाही.
आणि तुमचा न्यूटन?
व्हिनेगरमधला एक हेरिंग, काटे काढलेला.
त्यानं जहाज बांधून ठेवणार?

तरी गुणाकार तेच करायचे,
नऊ पूर्णांक आठ शून्य सहा सहा पाच,
संध्येसारखा रोज, न चुकता.
कचेरीतले लोक सरळ दहानं गुणत.
त्यांचे कागद परत जायचे,
वर लाल अक्षरात:
दोन टक्के कुणाच्या बापाचे?

एकदा हॅलिफॅक्सहून मागणी आली, पौंडांत.
साखळीनं चाळीस हजार झेलले पाहिजेत.
टीडेमाननी पावाच्या कागदावर पौंडांचे किलोपाँड केले,
अठरा हजार एकशे त्रेचाळीस आणि मागे काही दशांश,
ते शेपूट कापलं,
मग उलटं येऊन पाहिलं तर
एकोणचाळीस हजार नऊशे अठ्ठ्याण्णव.
दोन पौंड वाटेत सांडले होते.
बाहेर शिफ्ट सुटली, सायकली गेल्या, दिवे गेले,
हे कंदील घेऊन दोन पौंड शोधत बसलेले.
(कंदील नव्हता. टेबललॅम्प होता.
पण मला कंदीलच आठवतो.)

सकाळी साखळी ताणली.
चाळीस हजारांच्या बरीच पुढे जाऊन एक कडी तुटली,
खिडक्या थरथरल्या,
माझ्या कॉफीवर गंजाची बारीक भुकटी बसली.
त्यांनी आकडा वाचला, लिहिला,
आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले,
कॉफी टाकून दे.

मार्चमध्ये त्यांची उजवी बाजू गेली.
दवाखान्यात योर्डिस नावाची मुलगी
त्यांच्या मुठीत एक लहानसं यंत्र देते:
दाबा, हेर टीडेमान, दाबा, अजून.
काटा सरकतो, थांबतो.
अकरा किलो, ती म्हणते, छान!
किलो नाही,
टीडेमान अर्ध्या तोंडानं म्हणतात, किलो...
पुढचा पाँड जिभेवर येत नाही.
मी मुद्दाम पुरा करत नाही.
बऱ्याच वेळानं येतो.

मग माझ्याकडे वळून:
न्यूटनमध्ये किती?
आयुष्यभर ज्याला हेरिंग म्हटलं, त्यात?
आकडा मोठा येतो, ते म्हणाले.
जवळजवळ एकशे आठ.
जवळजवळ नको.
एकशे सात पूर्णांक आठ सात.
हं. आणि डाइनमध्ये?

फॉर्मच्या पाठीवर मी मांडलं,
नऊ लाख ऐंशी हजार सहाशे पासष्ट गुणिले अकरा.
डाव्या हाताचं बोट ओळीवरून सरकवत
ते तपासत गेले, उजवीकडून डावीकडे,
आणि लाखांपाशी अडले.
इथला हातचा?
धरलाय, मी म्हणाले,
मनात धरलाय, लिहिला नाही.
लिही.
लिहिला.

एक कोटी सात लाख सत्याऐंशी हजार तीनशे पंधरा.
ते हसले, निम्मा चेहरा हसला.
एवढं बळ एका मुठीत, योर्डिस,
आता जरा जपून.

निघताना हात हातात घेतला.
त्यांनी दाबला की नुसता ठेवला,
सांगता येत नाही, यंत्र टेबलावर होतं.

दारापाशी फॉर्म दिसला.
उजवा: ११. डावा: ३४.
पुढे एकक नव्हतं.
बस दोन वाजता होती. ती गेली.
मी परत आत आले,
पेन्सिल मागायला.