भाजीची वाटेल अशी

धोबी तलावाच्या दुकानात हातिमभाई विचारतात,
काय काय ठेवणार, बाई?
आणि मी गडबडते,
बँकेत कुणी वारसाचं नाव विचारावं तशी.

दोन पॅडल.
चार चेंडू, भोकांचे.
बूट, मोजे, नॅपकिन, गुडघ्याचा पट्टा.
आणि, हे जरा खालच्या आवाजात,
एक जुडी मेथी, अर्धा किलो फरसबी,
कधी शेवग्याच्या शेंगा.

हातिमभाईंची भुवई हलली नाही.
तीस वर्षं क्रिकेटच्या किटबॅगा विकतायत,
बॅटीच्या सोबतीने काय काय जाताना पाहिलं असेल त्यांनी.

एक काळी काढली,
बुटांना खाली वेगळा कप्पा, वारा लागायला जाळी.
म्हटलं, ह्यात मेथी बुटांच्या डोक्यावर बसेल.
मग एक लांबोडकी, सहा पॅडल मावणारी;
खांद्याला लावून आरशात पाहिलं
तर मी दुसऱ्याच कुणाच्या सामानाची राखण करत उभी.
मग एक तिरकी, छातीवरून जाणारी.
हिच्यात मूठ बाहेर राहते, ते म्हणाले,
मुळ्यासारखी.
मुळ्यासारखी, मग बरंच की.

कारण घरी मी सांगितलंय, चालायला जाते,
येताना भाजी आणते.
सात महिने झाले.
चेंबूरला, आमच्या कॉलनीमागच्या निळ्या कोर्टावर
सहा ते सव्वासात मी चालतेच म्हणा,
वीस फूट इकडे, वीस फूट तिकडे,
आणि ल्यूसी डिमेलो ओरडते,
किचनमधून बाहेर हो गो, किचनमधून बाहेर!
जाळीलगतच्या पट्ट्याला किचन म्हणतात.
तिथे उभं राहून हवेतला चेंडू मारला
की गुण गेला.
बत्तीस वर्षं मी सगळं तिथूनच मारत आले,
सवय सुटायला वेळ लागतो.

खोटं बोलायची गरज नव्हती तशी.
नको कुणीच म्हणालं नसतं.
उलट म्हणाले असते, अरे वा, आई खेळते!
फोटो काढून ग्रुपवर टाकला असता,
नणंदेने तीन अंगठे पाठवले असते.
मला तेच नको होतं.
एक गोष्ट हवी होती
जिच्यासाठी मला कुणी शाबास म्हणणार नाही.

परवा फ्रिज उघडला
तर लिंबांच्या टोपलीत, लिंबांच्या मधोमध,
माझा पिवळा चेंडू.
कापडी पिशवीतून मेथीबरोबर गेलेला.
मेथी सासूबाई निवडतात.
दिसतं त्यांना, चांगलं दिसतं,
अजून सुईत दोरा त्याच ओवतात;
भोकंही मोजली असतील.
दुपारी सरबत ढवळताना एवढंच म्हणाल्या,
तुझ्या त्या लिंबाला रस नाही गं फारसा.
आणि ग्लास पुढे केला.
रात्री त्यांचा मुलगा शेजारी बसून जेवला,
त्याला एका शब्दाने बोलल्या नाहीत.

तेव्हापासून माझा हिशोबच बिघडलाय.
लपवायची तरी कुणापासून,
आणि दाखवायची तरी किती.

हातिमभाई स्टुलावर चढले,
माळ्यावरून एक पोपटी काढली,
फुंकर मारून धूळ उडवली.
हिला मागे आकडा आहे, कुंपणाला अडकवायला.
आमच्याकडे हॉलमध्ये खिळा आहे एक,
सासूबाईंच्या पलंगासमोर,
जुन्या कॅलेंडरचा, रिकामा.

ही भाजीची नाही वाटायची, मी म्हणाले.
नाही वाटायची, ते म्हणाले. कोणत्याही बाजूने नाही.
भाजीला वेगळी पिशवी देतो, फुकट.

दीडशे कमी केले. दोनशे मागितले होते.

खाकी कागदात गुंडाळून दिली त्यांनी, सुतळीने बांधून.
बसमध्ये मांडीवर घेऊन बसले.
भायखळ्याला गर्दी जरा उतरली,
तेव्हा नखाने कागदाला एक भोक पाडलं.
पोपटीच आहे ना अजून,
एवढंच पाहायला.