एकास सत्त्याऐंशी

मिरजेत माझा धंदा दातांचा.
डॉक्टर माप पाठवतात, मी मेणात हिरड्या कोरतो,
प्लास्टर ओततो, ॲक्रिलिक घासतो,
आणि कधीही न भेटलेल्या माणसाच्या तोंडात
माझं काम जोंधळ्याची भाकरी चावतं.

रात्री त्याच कानशीनं, त्याच प्लास्टरनं
गच्चीवरच्या खोलीत
मी मिरज जंक्शन उभं करतोय :
मीटरगेज, साल सदुसष्ट,
एकास सत्त्याऐंशी.

इंजिन झालं. पाण्याची टाकी झाली.
मालधक्का रिकामा.
तिथं लॉरी हवी,
आणि लॉरी मनातून येत नाही;
मनातल्या लॉरीला नेहमी फक्त डावी बाजू असते.

म्हणून रविवारी हरिपूर.
पेवांच्या माळाकडेला, बाभळीत शिरलेली बेडफर्ड,
की बेडफर्डमध्ये शिरलेली बाभळ.
आधी पुढून. मग बाजूनं,
लांब सरकून, कॅमेरा चाकाच्या आसाइतका खाली,
म्हणजे रेघा तिरप्या पळत नाहीत.
बंपरवर सहा इंची पट्टी टेकवली, साक्षीला.
मग पालथा पडून पोटाखालून :
पाटे, जोड, गंजलेला सायलेन्सर,
आणि खुडूक बसलेली कोंबडी,
जिनं फ्लॅशची दखल घेतली नाही.

“फायनान्सकडनं आलायसा?”
तवनाप्पा मगदूम. ब्याऐंशी वर्षं, काखेत कडब्याची पेंडी.
नाही म्हटलं.
“मग भंगारात घेनार?”
नाही. एवढी करायचीय, म्हणून
अंगठा आणि तर्जनीत अंतर धरलं :
सात पूर्णांक सात सेंटिमीटर.
ते त्या पोकळीकडं बघत राहिले बराच वेळ.
“आनि ष्टेअरिंग?”

मग त्यांनीच पेंडी खाली ठेवली.
“निळा रंग धरू नगासा. निळी केली मालकांची वाटणी झाल्यावर.”
नखानं दार खरवडलं : निळ्याखाली तांबडा,
तांबड्याखाली हिरवा,
कैरीच्या आतल्या सालीसारखा, अजून ओला वाटणारा.
“सदुसष्टला ही.”
तीन फोटो काढले. तिन्हींत त्यांचं नख आहे.

हेडलाइटच्या काचेआड पुराचा गाळ,
वाळून भेगाळलेला, अर्ध्यापर्यंत.
त्याचाही काढला, उन्हात छान दिसत होता.
वापरणार नाही.
माझ्या मिरजेत पूर अजून यायचाय.

“कुठं हुबी करनार?”
मिरजेच्या मालधक्क्यावर, म्हणालो.
“ती मिरजेला कदी गेलीच न्हाई.
पेवातनं हळद काडायची, सांगलीच्या पेठंत टाकायची, माघारी.
किन्नर हुतो मी. मला ठावं.”
मी पट्टी खिशात घातली.
पंचवीस किलोमीटरचं पेट्रोल नव्हे,
पंचावन्न वर्षांचा खोटेपणा अंगावर आल्यासारखं झालं.
त्यांनी टायरला लाथ मारली, सवयीनं, हवा बघायला.
टायरमध्ये हवा कुठली.
“मग आता न्या की,” म्हणाले,
“तेवढंच ऱ्हायलं हुतं.”

निघताना हौद्याच्या फळ्यांच्या फटीत
दात तपासायची सळई घातली.
हळद आली. काळपट, पण वास होता.
सिगारेटच्या चांदीत गुंडाळून आणली.
सगळं लहान करावं लागतं : टायर एक सेंटिमीटर,
माणूस दोनाला थोडा कमी,
दरवाजाची मूठ तर श्वासानं उडते.
हळदीला हात लावावा लागला नाही.
तिचा कण तिथं अख्खं हळकुंड होतो.
चिमूटभरात लॉरी भरली.

फळीवर बसलेला किन्नर तेवढा राहिलाय.
ब्रश ओला करून फोन लावला :
शर्ट कुठल्या रंगाचा घालायचात?

पलीकडं कोंबडी ओरडत होती. मग हसणं, मग खोकला.
“शर्ट? हळदीच्या लॉरीवर?
बनेल हुतं. आनि तेबी पिवळं.”