आटणी

उद्यमनगरात माझ्या शेडला अजून पाटी आहे:
पॅटर्न मेकर.
अक्षरं मीच कोरली, रंग दोनदा दिला.
तिसऱ्यांदा द्यायची वेळ आली तोवर
काम ॲल्युमिनियमवर गेलं.

चाळीस वर्षं लाकडाचे आकार केले,
पंपाचं पोट, इंजिनाचं चाक, चरकाचा दात.
वर लाल रंग.
फौंड्रीवाला वाळूत दाबणार, ठोकून सैल करणार,
अलगद उचलणार,
आणि मागं राहिलेल्या पोकळीत बीड ओतणार.
माझं लाकूड परत फळीवर.
गिऱ्हाइकाच्या घरी गेली ती पोकळी, भरलेली.

म्हालदार सर आले गळाची काठी घेऊन.
ड्रॉइंगचे मास्तर, रिटायर होऊन सहा वर्षं झाली.
रीळ बसवायची जागा प्लॅस्टिकची, उभी चिरलेली.
"मरळीनं नाही," म्हणाले, "स्कूटरवरनं पडली.
लाकडाची करून देशील?"
आणि कोपऱ्यातनं एक पॅटर्न त्यांनीच उचलला,
बंद पडलेल्या कुठल्याशा कंपनीचा.
"ह्यातनं निघेल?"

मी जरा थांबलो.
हे कापायचं असतं असं कधी
डोक्यातच आलं नव्हतं.

करवत लागली, लाल कपचे उडाले,
आत सागवान.
ब्याण्णव साली रंगाखाली गेलेलं,
त्यानंतर मीही बघितलं नव्हतं.
वास मात्र कालच चिरल्यासारखा.

चौरस तुकडा, मधोमध भोक.
घाई केली की ड्रिल रेषेच्या नादानं वाकडं जातं,
म्हणून अर्धं इकडनं, अर्धं तिकडनं.
भोकात सळई, सळई लेथवर.
पटाशी टेकली की आधी ठकठक, कोपरे जातात,
मग नुसता एक सूर
आणि मनगटापर्यंत भुसा.
पितळी कड्या शेजारच्या बाळू मिरजकरच्या भंगारातनं.

रीळ बसवलं.
हललं.

पुन्हा बसवलं, पुन्हा हललं.
मग हातातली पट्टी बघितली.
आटणीची पट्टी,
जिच्यात शंभर म्हणजे एकशे एक,
कारण बीड थंड होताना आटतं
आणि आम्ही आधीच तेवढं वाढवून ठेवतो.
वर खाचेला उतारही दिला होता,
वाळूतनं सुखानं निघावी म्हणून.
कुठली वाळू?

सर हसले नाहीत.
खाचेत नख घालून बघितलं.
"म्हणजे ही अजून थंड व्हायचीय," म्हणाले,
आणि चहा सांगायला बाहेर गेले.

दुसरी केली. मोजली नातीच्या पट्टीनं,
शाळेतली, निळी, एका टोकाला चावलेली.

ऐंशीचा पेपर, एकशेवीस, दोनशेवीस.
ओल्या फडक्यानं पुसलं की तूस उभं राहतं.
वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा पुसायचं,
तूस दमेपर्यंत.
मग चारशे.
मग जवसाचं तेल, बोटावर थेंबभर,
आणि चोवीस तास काही करायचं नाही.
हे शेवटचंच अवघड.
हात सारखा लाल डब्याकडं जायचा.

नऊ दिवस, नऊ थेंब.
रेषा वर आल्या,
एका बाजूला बारीक गाठ, तिच्याभोवती वळलेल्या,
धारेत दगड असावा तशा.
मी ह्या लाकडाला आयुष्यभर लपवत होतो
हे कुणाला सांगायचं?
दिवे घालवले, पुन्हा लावले, पुन्हा बघितली.

रविवारी सातला सरांचा फोन.
भोगावतीवरनं, वारा मध्ये मध्ये बोलत होता.
"काय लागलं?"
"काही नाही. दोन तास झाले.
पण हातात बरं वाटतंय."

पहिली इथंच आहे, टेबलावर.
चहा निवेपर्यंत अंगठा तिच्या खाचेत फिरतो.
अर्धा मिलिमीटर.
तेवढ्यात आता
काहीही ओतायचं नाही.