अक्षराला अठरा रुपये

शाळेच्या कमानीला दगडी पाटी बसवायची आहे.
सरपंच म्हणाले, गुरुजी, तुकडीचा इतिहास तुम्हीच सांगा,
आता उरलंय कोण.

सांगतो.
तेव्हा सांगली जिल्हा नव्हता, सगळा साताराच.
येरळेच्या वाळूत झोपायची आमची तुकडी.
तेवीस माणसं, रायफली दोन,
त्यातल्या एकीचा घोडा मोडलेला,
तो शिदू लोहारानं गाडीच्या धावेतून घडवला.
हैबती मदने भर पुरात पलीकडे जायचा.
इलाही मुलाणी खुणेसाठी कुत्र्यागत भुंकायचा,
मग गावातली सगळी कुत्री उठायची
आणि खूण कुठली ते कुणालाच कळायचं नाही.
नेमगोंडा चौगुले हिशेब ठेवायचा,
काडतुसं किती, भाकरी किती.
भाकरीचा हिशेब कधी जुळला नाही.

मी अकरा वर्षांचा. निरोप्या.
चिठ्ठी लिहायच्या पाटीच्या चौकटीत दडवायची
आणि पाढे म्हणत चालायचं.

इंग्रज? मी जन्मात पाहिला नाही.
फौजदार आपला, शिपाई आपले,
ज्याच्या खळ्यावरची गंजी पेटवली
तो हैबतीचा सख्खा चुलतभाऊ.
लढाई लढाई म्हणतात ती अशी होती,
दोन्हीकडं एकच भावकी, एकाच विहिरीचं पाणी,
आणि रात्री कुणाचं दार वाजलं
की अख्खी आळी श्वास धरून.

संक्रांत उलटली होती.
रंगनाथ कासार बांगड्यांची पेटी घेऊन
ठाण्यात शिरताना मी पाहिला.
पाहिलं तसं येऊन सांगितलं.
पहाटे वाळूत पोलीस आले. तिघं सापडले.

लोक म्हणतात, पत्री म्हणजे पायाला नाल ठोकायचे.
नाल नव्हते.
लोहार आमच्यातच होता, तरी नव्हते.
बाभळीची काठी होती, तळव्यांवर, मोजून.
मोजायला नेमगोंडा.
तो हिशेब जुळला.

फौजदाराच्या बायकोला सातवा महिना होता.
हिरवा चुडा भरायला बोलावलं होतं त्याला.
हे आम्हाला चैत्रात कळलं, तिच्या मोलकरणीकडून.
मग ठावठिकाणा दिला कुणी?
तेविसांतलाच एक, असं हैबती मरताना म्हणाला.
नाव घेतलं नाही.

पुढं गावोगाव फिरणं सुटलं कासाराचं.
एसटी स्टँडवर पेटी मांडून बसायचा.
माझ्या लग्नात हिचा चुडा त्यानंच भरला,
एवढे अरुंद हात हिचे,
एक काकण वाढवलं नाही.
जाताना माझ्या पायांकडं बघून म्हणाला,
मास्तर, वहाणा नव्या दिसतात.
बस, एवढंच.
वहाणा त्यानंतर कितीतरी झिजवल्या मी.

काल पाथरवटाचा पोरगा आला.
अक्षराला अठरा रुपये, अनुस्वार फुकट.
तेवीस नावं ग्रामपंचायतीच्या खर्चानं.
चोविसावं मी सांगितलं, पदरच्या पैशांनी.
सरपंचांना तेवढ्यात फोन आला, ते बाहेर गेले.

आजोबा, ह्यांचा हुद्दा काय?
सगळ्यांना आहे.

बराच वेळ बसलो.
पायदळ, म्हणालो.

त्यानं लिहून घेतलं, बोटांवर मोजलं.
सात आणि चार अकरा, एकशे अठ्ठ्याण्णव.
दोनशेची नोट दिली.
दोन रुपये सुटे नव्हते त्याच्याकडं.
राहतात तुमचे, म्हणाला.