टोकन त्रेसष्ट

मुरार छावणीतल्या पॉलिक्लिनिकच्या बाकावर
सव्वाआठपासून बसले आहे.
निलगिरीच्या खोडांमधलं धुकं अजून हटलेलं नाही.
कार्डावर लिहिलंय: हेमलता पागनीस. नातं: स्वतः.
हुद्द्याच्या रकान्यात अक्षरं इतकी बारीक
की खिडकीतल्या पोराने चष्मा वर करून वाचलं,
"मेजर… जनरल? मॅडम, आप इधर क्यों बैठ गईं?"
त्रेसष्ट नंबर आहे म्हणून, म्हटलं.

माझा जन्म लष्करातला.
आमच्या घरची ही जुनी कोटी, शहराच्या त्या भागाचं नावच लष्कर.
दौलतगंजच्या बोळात वडील घड्याळं दुरुस्त करायचे.
मी भरती झाले तेव्हा आई शेजारणींना सांगायची,
"लष्करातून लष्करात गेली, लांब कुठे?"

लांबच गेले.
जोरहाटला वीज गेली तेव्हा टॉर्चच्या उजेडात
एका शिपायाची प्लीहा काढली.
नाव अजून आठवतं, थांगा. रक्तगटही, बी निगेटिव्ह.
मेजर झाले, वॉर्ड माझा झाला.
कर्नल झाले, इस्पितळ माझं झालं,
वॉर्ड दुसऱ्या कुणाचा.
मग भिंतीवरचा नकाशा मिळाला, इस्पितळांच्या टाचण्यांचा.
दिल्लीत टाचण्याही नव्हत्या. नुसते आकडे
आणि चहा वेळेवर.
प्रत्येक बढतीला खाटेपासून एक दार लांब.
कुणी ढकललं नाही. मीच उघडत गेले
आणि मागचं, वारा येतो म्हणून, लावत गेले.

परिपत्रकातलं चौथं कलम माझं:
एका वेळी तीस दिवसांहून अधिक औषध देऊ नये.
"शक्यतो" हा शब्द होता आधी.
मीच खोडला, वाक्य ढिलं पडतं म्हणून.
मुदत संपलेल्या गोळ्यांचे ढीग पाहिले होते मी भांडारांत,
पेटवताना येणारा तो गोडसर वास.
कोटींनी पैसे वाचले. खरंच वाचले.
निरोपाच्या जेवणात कुणीतरी ते कलम वाचून दाखवलं,
टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.

शेजारी रामसखी भदौरिया, चौसष्ट.
नवरा नायक होता, गेला.
मेहगावच्याही पुढून येते, पहाटे पाचची बस, मग टमटम.
रक्तदाबाची कालची गोळी खाल्लीच नाही तिने,
कागदाच्या पुडीत बांधून आणलीय
दाखवायला, नाव चुकू नये म्हणून.
"सालभर की काए नईं देत?" ती विचारते.
"जे नियम कौन ने बनाओ?"

"हमने," मी म्हणाले.

ग्वाल्हेरीत हम म्हणजे मीसुद्धा, सरकारसुद्धा,
घरातली सगळी माणसंसुद्धा.
अडतीस वर्षं फौजेत काढली,
याहून चांगला आडोसा कधी सापडला नव्हता.
"मैंने" म्हणता आलं असतं.
दोनच अक्षरं होती.

ती हसली. तिला वाटलं, फौजी लोकांचा विनोद.
पदराच्या गाठीतून गजक काढली, अर्धी मोडून
माझ्या हातावर ठेवली,
"थैली देखियो, बिन्नू, हम अबै आए"
आणि नळाकडे गेली.

खिडकीतून साठ पुकारला.
मांडीवर निळी कापडी पिशवी:
एक्स-रे, दोन पेरू,
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं नवऱ्याचं डिस्चार्ज बुक.
आजवर जे जे ताब्यात आलं
ते रजिस्टरवर सही करून आलं,
चाव्या, मॉर्फिन, माणसं.
हिने सही घेतली नाही.

एकसष्ट.
तीळ दातात अडकलाय.
पिशवीचे बंद मी दोन्ही हातांनी धरलेत.