खांदेमळण

बेंदूर उद्यावर. चौथी, तुकडी ब.
उत्तरेश्वर पेठेतली शाळा, डोक्यावर पत्रा,
आणि टेबलावर केंद्रातून आलेला तक्ता:
भावना ओळखणे. भावना व्यक्त करणे. सहकार्य.
पुढं तीन रकाने,
साध्य, अंशतः साध्य, असाध्य.
असाध्य हा शब्द मी आजवर
फक्त दवाखान्यात ऐकला होता.

कुंभार गल्लीतून तनुश्रीच्या वडलांनी
पोतंभर माती पाठवली, पैसे घेतले नाहीत.
'पोरं बैल करणार म्हटल्यावर कशाचे पैसे, बाई?'

अडतीस पोरं, अडतीस गोळे.
खरा बैल जवळून पाहिलेली त्यात सात.
बाकीच्यांचे कुत्र्यासारखे, डुकरासारखे,
एकाचा तर हुबेहूब मामाच्या बुलेटसारखा,
शिंगांच्या जागी हँडल.

मी म्हटलं, आज खांदेमळण.
वर्षभर जिथं जू बसतं
तिथं आजच्या सांजेला हळद-तूप चोळतात.
तुमच्या बैलाच्या खांद्यावर काय होतं ते सांगा,
मग चोळा.

आधी नुसतं खिदळणं.
मग समिधा नलवडे उठली,
'माझ्या बैलावर बारका भाऊ बसलाय. दिवसभर.'
आयान मुजावर म्हणाला, 'माझा बैल दुकानात असतोय,
खेळायची येळ झाली की गिऱ्हाईक येतंय.'
कुणाच्या बैलावर स्कॉलरशिपची परीक्षा,
कुणाच्या बैलावर रात्रीची भांडणं,
ती भिंतीपलीकडची,
'पण बैलाला ऐकू येत्यात, बाई.'

हळदीचा वास वर्गभर.
'बाई, तुमच्या बैलावर?' तनुश्रीनं विचारलं.
मी खडू शोधायला लागले.

तेवढ्यात धैर्यशील साळोखेनं
आयानच्या बैलाचं शिंग मोडलं.
आवाजसुद्धा आला नाही, ओली माती.
कारण नव्हतं. किंवा असेल.
त्याचा स्वतःचा बैल बिनपायाचा,
बाकावर पोट टेकून पसरलेला.
'धैर्यशील!' मी टेबलावर हात आपटला,
तक्ता उडून खाली पडला.
सगळे डोळे आधी त्याच्याकडं,
मग माझ्याकडं.
भावना व्यक्त करणे: साध्य.

'माफी माग' हे जिभेवर आलं होतं,
वीस वर्षं हेच येतंय.
गिळलं. विचारलं,
तुझा बैल उठत का नाही रे?
'बसलाय त्यो.'
का?
'दमलाय. त्याला कुणी काय इचारू नका.'

मग कुणीच विचारलं नाही.
आयानचे ओठ थरथरत होते.
'मला राग आलाय,' तो म्हणाला,
पाढा म्हणावा तसं, मोठ्यानं, न अडखळता.
'लई राग आलाय.'
आणि हळदीची वाटी उचलून
धैर्यशीलच्या बाकावर ठेवली,
ठेवली म्हणजे आपटलीच,
आणि जागेवर जाऊन पाठ करून बसला.

घंटा झाली. माफी कुणी मागितली नाही.
दुसऱ्या दिवशी सुट्टी.
तिसऱ्या दिवशी खिडकीत बघते तर
आयानच्या बैलाला आगकाडीचं शिंग,
गुलाचं टोक वर,
आणि त्याला खेटून तो बिनपायाचा,
खांदा पिवळाधमक.

आठवड्यानं साहेब आले तक्ता न्यायला.
साळोखेपुढं तिन्ही रकाने मोकळे का, म्हणाले.
उत्तर मिळेपर्यंत सहज
खिडकीतला एक बैल बोटानं दाबला.
ठसा उठला.
'अजून ओलाच?'
मी तोंड उघडायच्या आत
मागच्या बाकावरनं आवाज आला:
'आषाढातली माती हाय साहेब.
वाळंल की.
नुसतं दाबू नका.'